स्वार, जवान आणि जनता

मुलांनो, घरात कोणाचं तरी मनगटी घड्याळ असेल ना? ते घ्या आणि कानाला लावा. सेकंदाला एकदाच 'टक्' असा आवाज आला, किंवा काहीच ऐकू आलं नाही, तर ते सेलवर चालणारं घड्याळ. ते परत जागेवर ठेवून द्या. पण आजोबांच्या पेटीतलं एखादं जुनं घड्याळ हाती लागलं, त्याची चावी अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच फिरवली, बोटांना किर्र किर्र जाणवलं आणि मग कानात टिकटिकटिकटिक अशी घाईघाईची लय सुरू झाली, तर मात्र ते ठेवू नका. आज आपल्याला त्याच घड्याळाविषयी बोलायचं आहे.

ती लय मोजून बघा. जमणार नाही! कारण अशा बऱ्याच जुन्या घड्याळांत एका सेकंदाला पाच ठोके पडतात. तासाला झाले १८,०००. दिवसाला ४,३२,०००. आणि वर्षाला? गुणाकार करा पाहू. १५ कोटी ७६ लाख ८० हजार! आणि हे सगळं कशावर? ना सेल, ना वीज. रोज सकाळी चहा पिता पिता आजोबांनी दिलेल्या पंचवीस-तीस वेढ्यांवर.

आमच्या शाळेत चौथीच्या वर्गाला मी विचारलं होतं, "घड्याळाला चावी का द्यायची?" तर मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, कुलूप लावलेलं असेल!" सगळा वर्ग हसला. पण त्याचं काय चुकलं? त्यानं चावीचं घड्याळ पाहिलेलंच नव्हतं. म्हणून म्हटलं, चला, आज तुम्हाला फिरवून आणते. माझं सासर सातारा आणि माहेर सांगली, त्यामुळे ही वाट माझ्या पायाखालची. साताऱ्यात किंवा सांगलीत मनगटी घड्याळांचा मोठा कारखाना कधीच नव्हता. तरीही या वाटेवर घड्याळांच्या फार गमतीदार गोष्टी सापडतात.

निघण्याआधी एक आकडा सांगते, म्हणजे आपण कशाच्या मागे निघालोय ते कळेल. २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात एका मनगटी घड्याळाचा लिलाव झाला. 'पाटेक फिलिप' या कंपनीचं घड्याळ, दोन्ही बाजूंना तबकडी असलेलं. ते गेलं ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला. आपल्या पैशांत दोनशे कोटी रुपयांहून जास्त! (ते पैसे स्नायूंच्या एका आजारावरच्या संशोधनासाठी दिले गेले, हे मात्र छान झालं.) एवढं महाग घड्याळ, पण त्याच्या पोटातली मूळ युक्ती कोणती? तुमच्या आजोबांच्या घड्याळातलीच. गुंडाळलेली एक कमान, दातेरी चाकं आणि डोलणारं एक छोटं चाक. बाकीच्या करामती त्यावर चढवलेल्या.

सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा

घड्याळं येण्याआधी आपल्याकडे वेळ कशी मोजत? लग्नातलं घटिकापात्र आजीला विचारा. पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात तांब्याची एक वाटी तरंगत ठेवायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी आत शिरत राहतं आणि वाटी भरून बुडाली की झाली एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा एक दिवस. 'घटका भरली' असं आपण म्हणतो ना, ते या वाटीवरून. आणि पाहुण्यांना "घटकाभर बसा की" म्हणतो तेव्हा आपण त्यांना नेमकी २४ मिनिटं देत असतो, बरं का! 'घड्याळ' हा शब्दही त्या घटीच्याच कुळातला.

पुढे घड्याळं आली, रेल्वे आली, आणि प्रत्येक गावानं आपापल्या सूर्याप्रमाणे वेळ ठेवणं अडचणीचं होऊ लागलं. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. ती धरली आहे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. सातारा साधारण ७४ अंशांवर. फरक साडेआठ अंश, गुणिले चार, म्हणजे ३४ मिनिटं. सांगली थोडी पूर्वेला आहे, तिथे हा फरक सुमारे ३२ मिनिटं. याचा अर्थ काय? तुमच्या मनगटावर बारा वाजतात तेव्हा साताऱ्याच्या आकाशात सूर्य अजून माथ्यावर आलेलाच नसतो! शाळेच्या मैदानात काठी उभी रोवून सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहा. साडेबाराच्या आसपास होईल. महिन्यागणिक काही मिनिटं इकडे-तिकडे होतील. आणि साताऱ्याच्या दोन मिनिटं आधी ती सांगलीत आखूड झालेली असेल.

मिलिटरी अपशिंग्यात

आपला पहिला थांबा सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव. हायवे सोडून थोडं आत जायचं. या गावाला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, कारण पिढ्यान् पिढ्या इथल्या घराघरांतून माणसं सैन्यात गेली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या गावकऱ्यांची आठवण म्हणून गावात स्मारक आहे. आमची सहल तिथे गेली होती तेव्हा मुलं त्या दगडासमोर बराच वेळ गप्प उभी होती.

आता तुम्ही विचाराल, बाई, सैनिकांचा आणि घड्याळाचा काय संबंध? खूप मोठा संबंध आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुष घड्याळ खिशात ठेवत, साखळीला बांधून. मनगटावर घड्याळ घालणं म्हणजे बायकांचा दागिना, असं युरोपात समजत. पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. अमुक मिनिटाला तोफा थांबणार आणि अमुक मिनिटाला खंदकातून पुढे धावायचं, असे हुकूम सुटू लागले. एका हातात बंदूक असताना दुसऱ्या हातानं खिसा चाचपडत बसणार कोण? सैनिकांनी घड्याळ मनगटावर बांधलं. ते घरी परतले आणि त्यांच्याबरोबर मनगटी घड्याळ जगभर गेलं.

त्या युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूत-अल-अमारा या गावात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत त्यांना वेढा पडला होता. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली. त्या काळात हिंदी सैनिकांमध्ये एक स्विस घड्याळ नावाजलं गेलं. 'वेस्ट एंड वॉच कंपनी'चं. ही कंपनी १८८६ पासून मुंबई आणि कलकत्त्यात घड्याळं विकत होती. तिच्या त्या घड्याळाचं नाव होतं 'सोवार'. आता हे नाव मोठ्यानं म्हणून बघा. सोवार... स्वार! घोडदळातल्या शिपायाला आपल्याकडे जे म्हणत तोच शब्द. हजारो मैलांवर, बर्फातल्या एका गावी बनलेल्या घड्याळाला आपल्या घोडेस्वाराचं नाव. आहे की नाही गंमत?

त्या बर्फातल्या गावांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमध्ये ज्युरा नावाचे डोंगर आहेत. तिथले शेतकरी उन्हाळ्यात गुरं राखत. पण हिवाळ्यात दाराशी बर्फाचे ढीग, शेतात काम नाही, बाहेर पडायची सोय नाही. मग खिडकीशी टेबल ओढून, मिळेल त्या उजेडात ते घड्याळाचे सुटे भाग घासत बसत. एका घरात फक्त चाकं, दुसऱ्या घरात फक्त स्क्रू, तिसऱ्या घरात तबकड्या. कोणी तरी ते सगळे गोळा करून जोडायचं. आपल्याकडे पावसाळ्यात घरात बसून दोर वळतात, टोपल्या विणतात, तसंच ते. त्या कामातून ला शो-द-फों आणि ल लोकल ही अख्खी गावं घड्याळांसाठी वसली. २००९ साली युनेस्कोनं या दोन गावांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि २०२० साली तिथल्या घड्याळ बनवण्याच्या कसबालाही.

सैन्यावरून आणखी एक आठवलं. ब्रिटिश अधिकारी आपल्याकडे घोड्यावर बसून पोलो खेळत. खेळताना काठी किंवा चेंडू लागून मनगटावरच्या घड्याळाच्या काचा फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली 'रिव्हर्सो' नावाचं घड्याळ निघालं. ते चौकटीतल्या चौकटीत सरकवून उलटं करता येतं. काच आत, पोलादी पाठ बाहेर! आज ते श्रीमंतांच्या हातात दिसतं. पण त्याचा जन्म हिंदुस्थानातल्या मैदानावरच्या फुटक्या काचांतून झाला.

अपशिंग्यात एका निवृत्त सुभेदारकाकांनी आमच्या मुलांना आपलं घड्याळ दाखवलं. ते मात्र स्विस नव्हतं. एच.एम.टी.चं होतं, आणि नाव होतं 'जवान'. पट्टा कितीदा तरी बदललेला, घड्याळ तेच. एका मुलीनं विचारलं, "काका, बर्फात बंद पडलं तर?" काका म्हणाले, "चावी द्यायची की! तिथं सेल कोण आणून देणार होतं?"

जनतेचं घड्याळ

आता परत साताऱ्याला येऊन गाडी पकडू. सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीला. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी... नावं पाठ करत खिडकीशी बसायचं. कृष्णा कधी जवळ येते, कधी उसाच्या फडांमागे लपते. मग येतं किर्लोस्करवाडी. इथे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना काढला. जागा दिली औंधच्या राजेसाहेबांनी. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून पुढे पंप आणि कितीतरी यंत्रं इथे बनली.

घड्याळांच्या लेखात नांगर कशाला, असं वाटलं ना? सांगते. घड्याळातला स्क्रू तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतो. तो हातानं नाही होत, त्याला तसंच अचूक यंत्र लागतं. म्हणजे घड्याळ बनवायचं तर आधी यंत्रं बनवणारी यंत्रं बनवता आली पाहिजेत. एच.एम.टी. म्हणजे 'हिंदुस्थान मशीन टूल्स'. ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळुरूत सुरू झाली ती लेथसारखी यंत्रं बनवायला, घड्याळं बनवायला नव्हे! घड्याळांचा कारखाना नंतर आला, १९६१ साली, जपानच्या 'सिटिझन' कंपनीच्या मदतीनं. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याच वर्षी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली, हे लक्षात ठेवायला सोपं.

त्याआधी मनगटावर घड्याळ म्हणजे परदेशी माल. 'फाव्र-ल्यूबा'सारख्या स्विस कंपनीचं मुंबईत १८६५ पासून बस्तान होतं. पण ती घड्याळं घेणार कोण? डॉक्टर, वकील, इनामदार. एच.एम.टी.नं एक साधं घड्याळ काढलं आणि त्याला नाव दिलं 'जनता'. पांढरी तबकडी, बारीक काटे, सतरा खडे, रोज चावी द्यायची. काहींच्या तबकडीवर चक्क देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. मास्तर, पोस्टमन, एस.टी.चे कंडक्टर, बाजारातले हिशेबनीस, सगळ्यांच्या हातावर ते दिसू लागलं. मग 'पायलट' आलं, चपटं 'सोना' आलं, हात हलवला की आपोआप चावी बसणारं 'कांचन' आलं. लग्नात जावईबापू रुसून बसायचे ते या 'कांचन'साठी! (रुसून वस्तू मागणारे जावई मला मुळीच आवडत नाहीत, पण घड्याळाचा त्यात काय दोष?) दृष्टिहीन माणसांसाठी बोटांनी काटे चाचपता येतील असं ब्रेल घड्याळही एच.एम.टी.नं बनवलं.

मग ही घड्याळं गेली कुठे? १९६९ च्या नाताळात जपानच्या 'सायको' कंपनीनं क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. क्वार्ट्‌झ म्हणजे गारेचा स्फटिक. त्याला विजेचा थोडा झटका दिला की तो थरथरतो. घड्याळांत सर्वत्र रूढ झालेला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. असा विचित्र आकडा का? त्याची निम्मी करा, पुन्हा निम्मी करा, असं पंधरा वेळा करा. उत्तर येईल १. घड्याळातलं सर्किट तेच करतं, आणि त्या एकावर सेकंद काटा पुढे टाकतं. अशी घड्याळं स्वस्त आणि वेळेला पक्की. १९८७ पासून आपल्याकडे 'टायटन'ची सुबक क्वार्ट्‌झ घड्याळं दुकानांत आली आणि लोकांनी चावीची घड्याळं कपाटात टाकली. मोबाईल आल्यावर तर काही जणांचं मनगटच मोकळं झालं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एच.एम.टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करायचा निर्णय घेतला. आणि आता गंमत बघा, तेव्हापासून 'जनता', 'पायलट', 'जवान' शोधत संग्राहक फिरताहेत!

सांगलीतला घड्याळजी

आपण सांगलीला उतरलो. गणपती मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांना लागून जुनी बाजारपेठ आहे. तिथे एक घड्याळजी काका बसतात. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच म्हणा. समोर काचेची पेटी, वर दिवा, डोळ्याला चिकटवलेलं भिंग, हातात चिमटा. मागे पत्र्याचे डबे, त्यांत मेलेली घड्याळं. फेकायची नाहीत, एकाचं चाक दुसऱ्याला उपयोगी पडतं.

त्यांनी मला 'जनता'चं पोट उघडून दाखवलं होतं, ते तुम्हाला सांगते. आधी एक डबी. तिच्यात पोलादी पट्टीची लांब कमान गुंडाळलेली. चावी दिली की ती घट्ट आवळली जाते आणि मग हळूहळू सुटू पाहते. कोयनेच्या धरणाची आठवण करा. पाणी साठवलेलं असतं तशी इथे ताकद साठवलेली. पण धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले तर? घड्याळ काही सेकंदांत भर्रकन सुटून गप्प होईल. म्हणून दाराशी एक राखणदार बसवलेला असतो. ते डोलणारं चाक. त्याला केसासारख्या बारीक तारेची चकली जोडलेली असते. ती त्याला एकदा इकडे खेचते, एकदा तिकडे. प्रत्येक झोक्याला ते एक छोटा चिमटा हलवतं आणि चिमटा दातेरी चाकाचा एकच दात पुढे सोडतो. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे हे दार उघडझाप करतानाचा आवाज! डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सनं १६७५ मध्ये अशी चकली लावलेलं घड्याळ करवून घेतलं. साडेतीनशे वर्षं झाली, युक्ती तीच आहे.

आणि ते सतरा खडे? ते माणकाचे असतात, पण प्रयोगशाळेत बनवलेले. त्यांची किंमत फारशी नसते, तेव्हा घड्याळ फोडून श्रीमंत व्हायचा विचार सोडून द्या. चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात तिथे हे खडे बसवतात. माणीक फार कठीण असल्यामुळे ते वर्षानुवर्षं झिजत नाही.

आता मला मुळात ज्याबद्दल सांगायचं होतं तिकडे येते. ऑगस्ट २०१९. सांगलीतल्या मुलांना हा महिना सांगायला नको. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४५ फुटांवर धोका समजतात, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या माहेरचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. माणसं सुखरूप होती, म्हणून बाकी कशाचं दुःख करायचं नाही असं आईनं ठरवलं होतं. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढण्यात पंधरा दिवस गेले. लोखंडी कपाट उघडलं तेव्हा लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाले होते, आजोबांच्या हिशेबाच्या वह्याही गेल्या होत्या. आणि खालच्या खणात, चिखलाच्या गोळ्यात, त्यांची 'जनता' होती. आजोबा हळदीच्या अडतीत हिशेबनीस होते. १९६८ साली त्यांनी ती घेतली होती. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांच्या हातची तेवढी एकच वस्तू उरली होती.

आई ती घेऊन घड्याळजी काकांकडे गेली. त्यांच्या पेटीवर तेव्हा पुरातली घड्याळं ओळीनं मांडलेली होती, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. त्यांचं स्वतःचं दुकानही पाण्यात गेलं होतं, तरी ते आधी लोकांची घड्याळं उघडत होते. ते म्हणाले, "वहिनी, चावी तर नाही ना दिलीत? बरं केलंत. आत रेती असताना चावी दिली की चाकांचे दात जातात." त्यांनी झाकण उघडलं. आत तांबूस गंज, नदीचा गाळ, आणि झाकणाच्या कडेला अडकलेली पिवळी धूळ. ती हळद होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या अडतीतली असेल!

काम दोन महिने चाललं. प्रत्येक भाग सुटा करायचा, पेट्रोलमध्ये धुवायचा, भिंगातून बघायचा. कमान गंजून तुटली होती, ती डब्यातल्या दुसऱ्या एका मेलेल्या 'जनता'ची बसवली. दोन चाकंही तशीच. शेवटी राहिली तबकडी. तिच्यावर सहाच्या आकड्यापासून आठपर्यंत पाण्याचा तपकिरी डाग पडला होता.

इथे पालकांनी नीट ऐकावं. मुंबईत जुन्या तबकड्या खरवडून नव्यानं रंगवून देणारे कारागीर आहेत. लाल, निळ्या, चकाचक. जुनी स्विस किंवा एच.एम.टी. घड्याळं अशी रंगवून विकली जातात. दिसायला नवं, पण जाणकार संग्राहक त्याला हात लावत नाही. मूळ तबकडी डागाळलेली असली तरी त्याला तीच हवी असते. काकांनी आईला विचारलं, "नवी रंगवून आणू, की हीच ठेवू?" आई म्हणाली, "हीच ठेवा. पूर कुठपर्यंत आला होता ते पोरांना दाखवायला होईल." मला तर वाटतं, आमच्या घरातल्या भिंतीवरच्या पुराच्या खुणेपेक्षा ही खूण जास्त टिकेल. भिंतीला आम्ही रंग दिलाच.

त्या दुकानात बसून काकांना मी विचारलं होतं की तुमच्या हाताखाली कोणी शिकतंय का. ते नुसते हसले. सांगलीपासून दहा किलोमीटरवर मिरज आहे. तिथे तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी शस्त्रांचं काम आटल्यावर सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घड्याळजींना असं मानांकन कोण देणार? त्यांनी स्वतःचं असं काही बनवलेलं नसतं. लोकांचं बंद पडलेलं चालू करून दिलेलं असतं.

तुमच्या घरात असं घड्याळ निघालं तर एवढं करा. चावी हळू द्या आणि अडल्यासारखी वाटली की लगेच थांबा. पाण्यात पडलं तर चावी न देता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, कारण पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. स्वतः उघडू नका. आणि फार जुनं, अंधारात काटे चमकावेत म्हणून रंग लावलेलं घड्याळ असेल, तर तो रंग मुळीच खरवडू नका. १९६० च्या सुमारापर्यंत त्यात रेडियम वापरत. त्याची चमक गेली तरी किरण जात नाहीत. मग आजोबांना, किंवा ते नसतील तर आजीला विचारा: हे कधी घेतलं, कोणत्या पगारात, कोणत्या दुकानातून? वहीत लिहून ठेवा.

त्या दिवाळीत आमची 'जनता' तयार झाली. झाकण लावण्यापूर्वी काकांनी मला ते आतून दाखवलं. पोलादावर सुईच्या टोकानं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. एका ठिकाणी '७४', एका ठिकाणी '८१', खाली कोणाचं तरी आद्याक्षर, मग '९३'. ज्या ज्या घड्याळजीनं ते उघडलं होतं त्यानं आपली खूण ठेवली होती. जगभरातले घड्याळजी असंच करतात म्हणे, महागड्या घड्याळांतही. काकांनी सुई घेतली, भिंग सावरलं आणि '९३'च्या खाली '१९' कोरलं. मग झाकण दाबून बसवलं, चावी दिली आणि घड्याळ माझ्या कानाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी मी ते मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहिलं. चोवीस तासांत ते १८ सेकंद पुढे गेलं होतं. ८६,४०० सेकंदांत १८ ची चूक. म्हणजे त्याला शंभरपैकी किती गुण द्यायचे, ते तुम्हीच काढा.